उशिरा येणाऱ्यासाठी ठेवलेला निरोप

सर फोनवर ‘हॅलो’ म्हणत नसत. ‘आहेस?’ असं विचारून थांबत. समोरून ‘आहे’ आल्याशिवाय त्यांचा पुढचा शब्द निघायचा नाही. सुरुवातीला मी ‘हं सर, बोला’ म्हणायचे, तर पुन्हा त्याच पट्टीत, ‘आहेस?’ एकदा चिडून मी ‘आहे, आहे’ म्हणाले. ते शांतपणे म्हणाले, ‘एकदाच म्हणावं. दोन आले की त्यातला एक मला टाकून द्यावा लागतो.’

समोरासमोरही तेच. ऊसतोड मजुरांच्या आमच्या संघटनेचं ऑफिस तिसगावच्या पेठेत, खताच्या दुकानावरच्या खोलीत होतं. सर जिना चढून यायचे, दारात उभे राहायचे आणि आतली माणसं समोर दिसत असताना विचारायचे, ‘आहात?’ आमचे अध्यक्ष, ज्यांना सगळे भाऊ म्हणत, एकदा म्हणाले, ‘सर, दिसतोय की आम्ही.’

‘दिसता. हजर आहात का ते कळत नाही.’

भाऊ तेव्हा मोबाईलवर कुस्त्या बघत होते.

काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, यावर आपला उपाय काढला होता. सर बाहेरच्या खोलीतून ‘आहेस?’ म्हणायचे. काकू स्वयंपाकघरात असूनही उत्तर द्यायच्या नाहीत. सर थोडं थांबायचे, पुन्हा विचारायचे, मग आणखी जरा जास्त थांबून एकदा. त्यानंतर ‘टाइमआउट’, म्हणजे थांबायची मुदत संपली, असं स्वतःशीच म्हणून उठायचे आणि आपला चहा आपणच करून घ्यायचे. ‘इतकी वर्षं संसार केला, पण हे मला यांचं ते निरोपांचं मशीन घरात आल्यावर कळलं,’ काकू मला सांगत होत्या. ‘उत्तर दिलंच पाहिजे असं कुठं आहे?’

सर नगरच्या एका पॉलिटेक्निकात इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झाले होते आणि गावाकडे येऊन राहिले होते. त्यांचे जुने विद्यार्थी अजून रस्त्यात त्यांना बघून दुसऱ्या बाजूला जायचे. गणिताचं उत्तर बरोबर आलं आणि पुढे एकक लिहिलं नाही तर सर शून्य द्यायचे. ‘पाच लिहिलंस. पाच काय? वांगी?’ हे वाक्य तालुक्यातल्या निदान निम्म्या इलेक्ट्रिशियननी ऐकलेलं असेल. नम्रता हा गुण त्यांच्यात शोधून सापडला नसता. आपल्याला कळतं ते इतरांना कळत नाही, हे ते हवामान सांगावं तसं सांगत.

ते आमच्याकडे आले ते एका पराभवानंतर. त्या हंगामाच्या सुरुवातीला आम्ही संप पुकारला होता. ऊसतोडीच्या मजुराच्या हातात कोयता हे एकच हत्यार. तो खाली ठेवणं म्हणजे संप. तो संप व्हॉट्सॲपवर फिरलेल्या एका पत्रकाने मोडला. वर आमच्या संघटनेचं नाव, खाली शिक्का आणि मधे ‘संप मिटला आहे, कामावर जा’. पत्रक खोटं होतं. कुणी केलं ते सिद्ध झालं नाही, पण आम्ही ‘हे खोटं आहे’ म्हणेपर्यंत फडाफडात कोयते उचलले गेले होते. मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. संघटनेची पत्रकं मी लिहायचे. आमच्या घरात कॅलेंडर नसेल पण पत्रकं असायची, गुलाबी, पिवळ्या, पोपटी कागदावरची. मी अक्षरं जोडून वाचायला शिकले ती त्यांच्यावरच. आणि हे खोटं पत्रक हुबेहूब माझ्यासारखं होतं. माझे शब्द, माझी उद्गारचिन्हं. माझी नक्कल करणं इतकं सोपं असेल असं मला वाटलं नव्हतं.

तेव्हा सर जिना चढून आले. ‘आहात?’ आम्ही मान खाली घालून ‘आहे’ म्हणालो.

‘तुमच्याकडे निरोप पाठवायला रस्ता नाही, चव्हाटा आहे,’ ते म्हणाले. ‘चव्हाट्यावर कुणीही ओरडतं. मी रस्ता करून देतो.’

त्यांनी सर्व्हर उभा केला. सर्व्हर म्हटल्यावर भाऊंच्या डोळ्यांसमोर थंडगार खोली आणि मिचमिचणारे दिवे आले होते. प्रत्यक्षात ती डब्याच्या झाकणाएवढी एक पेटी होती. ती सरांच्या घरी धान्याच्या कोठीवर, इन्व्हर्टरच्या वायरला लटकून बसली. काकूंनी तिच्यावर क्रोशाचा रुमाल घातला. पेटी तापते म्हणून सरांनी तो काढला. दुसऱ्या दिवशी तो परत होता.

त्या पेटीचं काम एवढंच: एकाने निरोप सोडायचा, आणि ज्यांनी त्या विषयाला कान दिलाय तेवढ्यांनाच तो मिळायचा. प्रत्येक टोळीत एका फोनवर आमचं ॲप असायचं. ते सरांच्या पुण्यातल्या भाचीने लिहून दिलं होतं. त्यात एकच बटण होतं, ‘पोचलं’. निरोप वाचला की ते दाबायचं, म्हणजे सरांना पोच मिळायची. हे एक बटणसुद्धा सरांनी नाइलाजाने ठेवू दिलं. बटणांवर त्यांचा राग होता. ‘बटण म्हणजे दुसऱ्या कुणीतरी तुझ्यासाठी आधीच घेतलेला निर्णय,’ असं ते म्हणायचे, आणि हे वाक्य मी आजवर ऐकलेल्या कितीतरी भाषणांपेक्षा क्रांतिकारक होतं.

ते स्वतः काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करत. त्यांचे दोन शब्द होते, पब आणि सब. पब म्हणजे निरोप सोडणं. सब म्हणजे कान देऊन बसणं. आज्ञेत दर वेळी सगळं लिहायचं: कुठल्या मशीनला, कुठल्या विषयावर, काय मजकूर, पोचल्याची किती खात्री हवी. आणि वाटलं तर एक ‘आर’ जोडायचा. हा ‘आर’ जोडला की निरोप सर्व्हरवर राहतो, उशिरा येणाऱ्यासाठी. नाही जोडला तर ज्यांचे फोन त्या क्षणी चालू असतील त्यांना मिळतो आणि विरून जातो. एका विषयावर असा एकच निरोप राहतो. नवा ठेवला की जुना जातो.

मी विचारलं, ‘दर वेळी एवढं सगळं कशाला लिहायचं? एकदा ठरवून टाकू ना.’

‘दर वेळी ठरवावं लागतं म्हणूनच लिहायचं,’ सर म्हणाले. ‘आणि तो आर विसरू नको. जो वेळेवर हजर आहे त्याला कुणीही सांगेल. उशिरा येणारा, फोन बंद असलेला, रेंज नसलेला, तोच आपला खरा माणूस. दार उघडल्यावर त्याला काय दिसतं, ते बघायचं.’

माझ्या मजकुराची ते निर्दयपणे कापाकापी करायचे. ‘तुझं क्रियापद येईपर्यंत माणूस मोळी बांधून गाडीपर्यंत जाऊन येतो.’ मी ‘भांडवलदारांच्या अमानुष शोषणाविरुद्ध’ असं लिहिलं की ते म्हणायचे, ‘शोषण त्यांना माहीत आहे, रोज पाठीवर असतं. नवीन काय ते सांग.’ मी भांडायचे. शब्दांनी माणसाची मान ताठ होते, असं मी अजूनही मानते. पण सर मजकूर काकूंना फोनवर वाचून दाखवायचे, आणि काकूंनी ‘म्हणजे काय?’ विचारलं की तो परत माझ्याकडे यायचा. काकूंशी मला भांडता येत नव्हतं.

नवी आज्ञा लिहिली की सर आधी ती एका वेगळ्या विषयावर सोडून बघत. त्या विषयाचं नाव ‘स्वयंपाकघर’. त्याला फक्त काकूंच्या आणि त्यांच्या स्वतःच्या फोनने कान दिलेला असायचा. चाचणीच्या निरोपात ते कधी ‘टेस्ट’ लिहीत नसत. ‘टेस्ट’ हा निरोपच नाही, त्यातून कुणाला काही कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते घरातलं खरं काहीतरी लिहायचे: ‘मेथी निवडून झाली.’ ‘गिरणी बंद आहे.’ एके दिवशी त्यांच्याकडून विषय बदलायचा राहिला, आणि नगर जिल्ह्यापासून कर्नाटकाच्या सीमेपर्यंत पसरलेल्या आमच्या सगळ्या टोळ्यांना संघटनेचा अधिकृत निरोप गेला: ‘दूध उतू गेलं.’

पडद्यावर पोचा यायला लागल्या. पोचलं. पोचलं. पोचलं. मग फोन यायला लागले. लोकांना वाटलं ही खूण आहे. एका टोळीने विचारलं, ‘कोयता आत्ताच ठिवायचा का चा पिऊन?’

सरांनी तिथल्या तिथे दुसरा निरोप सोडला. ‘मघाचा दुधाचा निरोप चुकून आला. चूक माझी. दूध आता बरं आहे. काम चालू ठेवावं.’

भाऊंनी कपाळाला हात लावला. ‘सर, गप बसायचं ना. लोक विसरले असते.’

‘ज्यांना चूक पोचली त्यांना दुरुस्ती पोचली पाहिजे. त्याच रस्त्याने.’

त्या दिवसापासून सर बाजारात दिसले की कुणीतरी विचारायचंच, ‘सर, दूध कसं हाय?’ एसटी स्टँडवर, सलूनमध्ये, मयतीला गेले तरी. सर उत्तर द्यायचे नाहीत. मनगटावरचं घड्याळ बघायचे आणि पुढे जायचे.

पुढच्या हंगामाला टोळ्या निघायच्या आधी सरांनी बाजारतळावरच्या लिंबाखाली सगळ्यांना बसवलं आणि वर्ग घेतला. हातात खडू नव्हता, पण बोटं तशीच धरलेली.

‘संप चालू आहे. कुणीतरी फडात येऊन सांगतो, संप मिटला. ऐकायचं?’

‘न्हाई,’ लोक म्हणाले.

‘मुकादम सांगतो.’ मुकादम म्हणजे टोळी जमवून कारखान्याला नेणारा माणूस.

‘न्हाईच.’

‘हे भाऊ स्वतः येऊन सांगतात.’

लोकांनी भाऊंकडे बघितलं. जरा दबकत, ‘न्हाई.’ भाऊ हसले, पण ते हसणं त्यांना जड गेलं.

‘मी येऊन सांगतो.’

लोक एकमेकांकडे बघायला लागले. मग पुढे बसलेली एक बाई म्हणाली, ‘तुमी कशाला येताल सर? तुमी घरी दूध बघत असताल.’

सगळा लिंब हसला. ती कौसाबाई. उंच, हाडापेराने मोठी, टोळीत तिचा शब्द नवऱ्याच्या आधी चालायचा. सर हसले नाहीत. हसणं ओसरेपर्यंत थांबले आणि म्हणाले, ‘मी सांगितलं तरी ऐकायचं नाही. फोनवर निरोप आला तरच खरं. कौसाबाई, काय सांगितलं?’

‘तुमी सांगितलं तरी न्हाई,’ कौसाबाई म्हणाली.

पुढे सरांनी संघटनेचं काम सोडलं. त्याची कारणं लोक वेगवेगळी सांगतात. खरं कारण असं की निवडणुकीच्या वेळी भाऊंना एका उमेदवाराचा निरोप सगळ्या टोळ्यांना पाठवायचा होता. सर म्हणाले, ‘लोकांनी या विषयाला कान दिलाय तो कोयत्यासाठी. त्यात उमेदवार घालणं म्हणजे प्यायच्या टाकीत रॉकेल ओतणं.’ भाऊ म्हणाले, संघटना तुमची का माझी? सर म्हणाले, टाकी त्यांची आहे. त्या भांडणात मी सरांच्या बाजूने होते, आजही आहे. पण सर म्हटलं की मला ते भांडण आठवत नाही. नेवाशाकडचा एक उसाचा फड आठवतो.

लिंबाखालच्या त्या वर्गानंतरच्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा संप केला. सरांनी ‘आर’ जोडून निरोप सोडला: ‘संप सुरू. कोयता खाली ठेवा.’ या वेळी खोटं पत्रक फिरलं, पण कुणी हललं नाही. लोक म्हणायचे, ‘फोनवर न्हाई आलं.’ आणि काही दिवसांत कारखान्यांचे लोक बोलणी करायला आले. दरवाढ मान्य झाली. बैठकीतून बाहेर पडल्या पडल्या भाऊंनी आपल्या फोनवरून निरोप सोडला: ‘संप मिटला. कोयता उचला.’ अध्यक्षांना स्वतः निरोप सोडता यावा म्हणून त्यांच्या फोनवर भाचीने ‘पाठवा’ असं एक बटण करून दिलं होतं. सरांचा त्याला विरोध होता. त्या दिवशी सर काकूंचे डोळे दाखवायला नगरला गेले होते. पोचा धडाधड आल्या. पेठेत पेढे वाटले गेले. मी त्या आनंदात असं पत्रक लिहिलं की त्यात क्रियापद कुठे होतं ते मलाही आठवत नाही.

दोन दिवसांनी सकाळी सर ऑफिसात लॅपटॉप उघडून बसले होते. सब चालू होतं, ते पोचा ऐकत होते. तेवढ्यात नेवाशाकडून एका मुकादमाचा भाऊंना फोन आला. भाऊंनी तो स्पीकरवर टाकला.

‘भाऊ, तुमचा संप मिटला का न्हाई मिटला? माझी एक टोळी कालपासनं बसून हाय. सगळे तोडतात अन् हे बसलेत. म्या सांगून दमलो. आज दुपारपत्तुर हातात कोयता न्हाई दिसला तर ह्यांना गावाकडं लावून देतो अन् दुसरी टोळी घालतो. शेतकरी माझ्या उरावर बसलाय.’

भाऊंनी फोन ठेवला. ‘खोटं बोलतोय. संप मिटल्यावर कोण बसेल? काढून टाकायला कारण पाहिजे त्याला.’

‘कुणाची टोळी?’ सरांनी विचारलं.

‘ती कौसाबाई.’

सर पडद्याकडे बघत होते. ‘काल दुपारी कौसाबाईची पोच आलीय. पण निरोपाचा नंबर बघा. संप सुरू झाल्याच्या निरोपाची पोच आहे ती. संप मिटल्यावर आलेली.’

आम्हाला काही कळेना. सरांनी दुसरी काळी खिडकी उघडली आणि त्याच विषयाला नव्याने कान दिला. ‘समजा मी आत्ताच आलो,’ ते म्हणाले. ‘माझा फोन नवा आहे. मला काहीच माहीत नाही.’ त्यांनी एंटर दाबला. पडद्यावर एकच ओळ आली.

‘संप सुरू. कोयता खाली ठेवा.’

खालून खताच्या दुकानातल्या काट्याचा आवाज येत होता. भाऊंच्या बटणात ‘आर’ नव्हता. मिटल्याचा निरोप हजर असलेल्यांना मिळाला आणि विरून गेला. दारात अजून जुनाच निरोप उभा होता. प्रत्येक निरोपाला नंबर असायचा आणि एकदा दिसलेला नंबर फोन पुन्हा दाखवायचा नाही, म्हणून बाकीच्या टोळ्यांना काही जाणवलं नाही. मात्र नव्याने दार उघडणाऱ्याला संप आत्ताच सुरू झालेला दिसत होता.

सरांनी लगेच आज्ञा लिहायला घेतली. ‘संप मिटला. कोयता उचला. उशिरा आलेला “कोयता खाली” हा निरोप सोडून द्यावा. चूक संघटनेची.’ आणि आर.

भाऊ मागे उभे राहून वाचत होते. ‘शेवटचं वाक्य काढा.’

‘का?’

‘जिंकलोय आपण, सर. जिंकलेल्या संघटनेने असं लिहायचं नसतं.’ मग माझ्याकडे वळून, ‘सांग यांना. एका तरी पत्रकात लिहिलंस का कधी तू असलं?’

मी लहानपणापासून वाचलेली पत्रकं डोळ्यांसमोर आणली. निषेध होता, इशारा होता, जाहीर आवाहन होतं. चूक नेहमी समोरच्याची होती.

‘नाही लिहिलं,’ मी म्हणाले. ‘राहू द्या ते वाक्य.’

‘दुधाची कबूल केली,’ सर म्हणाले, ‘कोयत्याची नको?’ आणि एंटर दाबला.

कौसाबाईची पोच येईना. फोन लावला तर बंद. थोडा वेळ वाट बघून सर उठले. ‘टाइमआउट,’ ते म्हणाले. पण त्यांचा चेहरा चहा करायला निघालेल्या माणसाचा नव्हता.

आम्ही त्यांच्या स्कूटरवर निघालो. सर सरळ रस्त्यावरही वेग वाढवत नसत, आणि मागे बसून मी मनातल्या मनात तिला ढकलत होते. मिरीवरून घोडेगावला आलो तर जनावरांच्या बाजाराचा दिवस. बैल, म्हशी, टेम्पो, सगळं रस्त्यावर. चहाच्या टपरीसमोर एक ट्रॅक्टर उभा होता, ट्रॉलीत भांडी, गोधड्या, कोंबड्या आणि माणसं. मी एका बाईला विचारलं, ‘कुठं निघालात?’ तिने फडाचं गाव सांगितलं. आम्ही निघालो होतो तेच, म्हणजे हीच ती दुसरी टोळी. तिच्याजवळ कोयता फडक्यात गुंडाळलेला होता. ती तिच्या पोटासाठी चालली होती, तिच्यावर रागावता येत नव्हतं. सरांनी पहिल्यांदा गाडीचा कान पिळला.

फड कालव्याच्या कडेला होता. अर्धा तोडलेला, अर्धा उभा. बांधावर कोयते ओळीने मांडून ठेवले होते, पाती एकाच दिशेला. बैल उसाचे वाढे चघळत होते. टोळी सावलीत बसली होती आणि मुकादम मोटरसायकलला टेकून उभा होता. आम्हाला बघून तो सरळ झाला.

सर कौसाबाईसमोर जाऊन उभे राहिले. ‘आहात?’

‘हाय की सर.’

‘संप मिटलाय. कोयता उचला.’

कौसाबाईने पदर सारखा केला. ‘चा टाकू का? लांबनं आलात.’

‘मी काय म्हणालो ते ऐकलंत ना?’

‘ऐकलं. पन फोनवर न्हाई आलं.’

मुकादमाने हात जोडले, आभाळाकडे बघून. ‘अगं मावशे, ज्यानं मशीन केलं त्यो मानूस सोता आलाय. ह्याच्या वर कोन पायजे तुला?’

‘लिंबाखाली काय बोलला हुता सर? मानूस सांगंल ते ऐकायचं न्हाई. तुमी सांगितलं तरी न्हाई.’

‘पन हे सर हायत.’

‘मग सर मानूस न्हाईत व्हय?’

टोळीतलं कुणीतरी हसलं. मला राहवलं नाही. कालव्याच्या वळणावर ट्रॅक्टरची धूळ दिसायला लागली होती. ‘मावशी, संप मिटल्याचं पत्रक मीच लिहिलंय. माझ्या हाताने.’

कौसाबाईने माझ्याकडे बघितलं. रागाने नव्हे, जरा कीव आल्यासारखं. ‘लिवलं असंल, ताई. मागल्या साली ते खोटं बी तुमीच लिवल्यावानी हुतं.’

मी मदतीसाठी सरांकडे वळले. सरांचा चेहरा मात्र मला बघण्यासारखा वाटला. वर्गात एखाद्याने एककासकट उत्तर लिहिल्यावर ते असे दिसत असावेत.

‘फोन कुठाय?’ त्यांनी विचारलं.

आधीचा फोन संपाच्या आदल्या दिवशी कालव्यात पडला होता. जावयाने परवा नवा आणून दिला, आमचं ॲप घालून. काल तो सुरू केला आणि निरोप आला, कोयता खाली ठेवा. ठेवला. संध्याकाळी फोन उतरला. चार्जिंग शेतकऱ्याच्या मोटारीच्या खोलीत व्हायचं, आणि या आठवड्यात तिथं लाइट नव्हती.

सरांनी स्कूटरच्या बॅटरीला चार्जर जोडून घेतलेला होता, त्यावर काकू नेहमी हसायच्या. त्यांनी फोन लावला. रेंज फक्त बांधावरच्या बाभळीखाली यायची, म्हणून स्कूटर ढकलत तिथे नेली. सर खाली मातीत बसले, मांडीवर लॅपटॉप उघडला आणि कान देऊन बसले. ट्रॅक्टर जवळ आला, थांबला. ट्रॉलीतली माणसं उतरली नाहीत. ती आमच्याकडे बघत होती, आमची टोळी त्यांच्याकडे, आणि मधे एक मेलेला फोन होता.

‘दोन मिंटं,’ मुकादम ट्रॅक्टरवाल्याला म्हणाला. ‘ह्यांचं काय चाललंय ते बगू.’

फोनवर उजेड आला. मग कंपनीचं चिन्ह फिरत राहिलं. मग बराच वेळ काहीच नाही. मग तो वाजला.

कौसाबाईने तो डोळ्यांजवळ धरला आणि एकेक अक्षर फोडत मोठ्याने वाचलं. ‘संप मि-ट-ला. को-य-ता उ-च-ला.’ तिने पुढचंही वाचलं. शेवटचं वाक्य तिने दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा न अडखळता. ‘चूक संघटनेची.’ मग अंगठ्याने बटण दाबलं.

सरांच्या पडद्यावर ओळ उमटली. कौसाबाई. पोचलं. त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवून दाखवला.

‘सर, त्या समोरच उभ्या आहेत,’ मी म्हणाले.

‘हो. पण मघाशी पोचलं नव्हतं.’

कौसाबाई अजून विचारात होती. ‘म्हंजी सगळे बसले हुते तवा आमी तोडत हुतो. अन् सगळे तोडाय लागले तवा आमी बसलो.’

‘हो,’ सर म्हणाले.

‘मग आमचा संप धरायचा का न्हाई?’

 सरांनी लॅपटॉप मिटला नाही. कालची ओळ शोधून काढली आणि तिच्यावर बोट ठेवलं. ‘ही तुमची पोच. संपाची. माझ्याकडे आहे. धरला.’

कौसाबाईने मान हलवली. बांधावर जाऊन ओळीतला पहिला कोयता उचलला, तिच्यामागे एकेक करून बाकीच्यांनी. मुकादमाने ट्रॅक्टरवाल्याला हाताने खूण केली, ‘फिरव माघारी.’ ट्रॉलीतली फडक्यातला कोयता घेतलेली बाई जाताना आमच्याकडे बघत होती. तिचा फोन होता का, त्यात आमचं ॲप होतं का, हे मी विचारलं नाही. सरांनी तिच्या मुकादमाचं नाव मात्र विचारून घेतलं.

ऊस पडायला लागल्याचा आवाज सुरू झाला. सर पँटची माती झटकत होते. उभ्या उसातून, दिसत नव्हती तिथून, कौसाबाईची हाक आली.

‘सर, अन् दूध?’

मी सरांच्या मनगटाकडे बघितलं. त्यांनी घड्याळ बघितलं नाही. तोंडाभोवती दोन्ही हात धरले आणि फडाच्या त्या टोकाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडले, ‘बरं आहे.’

मग ते तिथेच थांबून राहिले. उसातून ‘पोचलं’ आल्यावरच त्यांनी स्कूटरला किक मारली.